मिशीवाल्याचं बाळंतपण

ज्या घरात लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली आहे, त्या घरच्या कर्त्या माणसानं कुंभाराकडे जाऊन भोकाचं मडकं मागू नये, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर मला बरंच काही कळतं असा माझा समज होता. बुलढाण्याच्या कोर्टात छत्तीस वर्षं कारकुनी केली. बांधावरची भांडणं, वाटण्या, फारकती, सगळ्यांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या. मडक्याचा विषय मात्र एकाही फायलीत आला नव्हता.

पण मूळ प्रकरण माशांचं आहे.

प्रतीक्षा, आमची एकुलती लेक, आठवा संपता संपता पुण्याहून आली. गाडी जावयांनी, म्हणजे ऋत्विकनं, स्वतः चालवत आणली. मागच्या सीटवर एक झाकणाची बादली होती आणि तिला पट्टा बांधलेला होता. आमच्या वसाहतीत गाडी थांबली की सात खिडक्या उघडतात. लेकीच्या आधी बादली उतरली, हे सातही खिडक्यांनी पाहिलं.

बादलीत दोन मासे होते. मासे म्हणजे काय, चार बोटं लांबीची, करपलेल्या भाकरीच्या रंगाची दोन ध्यानं. तोंड खालच्या बाजूला, आणि ते दिवसभर काचेला चिकटवून बसायचं. त्यातल्या एकाच्या थोबाडावर काटेरी, फाटे फुटलेल्या मिशा. ऋत्विकनं त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं, ते घरात कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. मिशीवाला आणि बिनमिशीची, एवढं पुरलं. दोन वर्षं झाली, पुण्यात त्यांनी अंडी काही घातली नाहीत, असं तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. जणू त्यांच्या कानावर जायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडीतून आणलेला फिशटँक ओसरीत मांडून तो माशांसाठी काकडीच्या चकत्या करत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाबा, मी इथूनच काम केलं दीड महिना तर? ऑफिसची हरकत नाही. आणि दवाखान्यात विचारलंय मी. बाळ होताना आत थांबू देतात."

मी चष्मा पुसला. साहेबांनी अडचणीचं विचारलं की कोर्टातही मी चष्माच पुसायचो.

"जावईबापू," मी म्हणालो, "पहिलं बाळंतपण माहेरी. सगळा बायकांचा कारभार. त्यात तुमचं काय काम? तुम्ही बाराव्या दिवशी बारशाला या."

मी काही नवीन सांगत नव्हतो. प्रतीक्षा झाली तेव्हा माझी बायको गीता डोणगावला माहेरी होती, आणि मीही बाराव्या दिवशीच पेढे घेऊन एसटीतून उतरलो होतो. लेकीनं माझ्या मिशा पाहिल्या आणि जे भोकाड पसरलं ते संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघेपर्यंत आवरलं नाही. याला रीत म्हणतात, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो.

ऋत्विक "बरं" म्हणाला. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना फाटकापर्यंत गेला, परत आला, फिशटँकपुढे उकिडवा बसला, मिशीवाल्याकडे बघत राहिला आणि उठताना मला म्हणाला, "बाबा, फक्त काकडी द्या. बाकी काही करू नका."

हे वाक्य निवृत्त माणसाला ऐकवू नये.

माझी आई जात्यावर गायची:

माहेरच्या दारी बाई, तुळस डोलते,
लेक आली बाळंतीण, भिंत भिंतीशी बोलते.

भिंती बोलत होत्या. लेक तेवढी बोलत नव्हती. आमच्याशी हो-नाही, आणि मागच्या खोलीत फोनवर ऋत्विकशी तासन्‌तास. ती हसली की मला बरं वाटे, आणि माझी चाहूल लागून हसणं थांबलं की आपण पोराला घालवलं हे आठवे. झालेला हुकूम फिरवायचा नाही, पण नुकसानभरपाई द्यायची, ही कोर्टाची जुनी वहिवाट आहे. सबब मी ठरवलं की बारशाच्या दिवशी जावयाच्या हातात काचेची बरणी ठेवायची आणि बरणीत असतील मिशीवाल्याची पिल्लं. पुण्याला दोन वर्षांत जमलं नाही ते बुलढाण्याला दीड महिन्यात झालं, हे मी बोलणार नव्हतो. बरणी बोलली असती.

कूलर दुरुस्त करणारे आमचे जहांगीरभाई दुकानाच्या मागल्या अंगाला मासे विकतात. त्यांनी पाण्यात भिजलेल्या हातानंच मला समजावलं. "दोन गोष्टी हायेत साहेब. पानी रोज थोडं थोडं थंड टाका, त्याहीले वाटलं पाह्यजे का पाऊस पडून राह्यला. अन्‌ अंधारी जागा द्या एखादी. मातीचं काही, भोक असलेलं. त्याच्यात शिरून अंडे देतात."

मातीचं आणि भोक असलेलं. मी सरळ कुंभाराकडे गेलो.

"एक लहान मडकं द्या," मी म्हणालो. "भोक पाडून."

त्यानं फिरतं चाक हातानं थांबवलं. उठला. डोक्याची टोपी काढली. "भोक आमी नसतो पाडत साहेब, ते तिथंच दगडानं पाडतात," तो हळू म्हणाला. आणि मग, "कोन गेलं?"

आता माणूस विचारतो कोण गेलं, आणि आपल्या घरून परवाच एक माणूस गेलेलं आहे. मी म्हणालो, "जावई. परवाच गेले."

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आईनं मला ते चालायच्या आधी शिकवलं होतं. एवढा एक शब्द मी चुकलो. कुंभार मटकन खाली बसला, लेक इथंच आहे का म्हणाला. मी म्हणालो, इथंच आहे, नववा लागेल आता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय भला माणूस आहे. त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "अहो, बाराव्या दिवशी येतीलच ना ते परत."

मडकं त्यानं फुकट दिलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. फाटकाबाहेर चपला होत्या, पण आवाज नव्हता. शेजारच्या अन्नपूर्णाबाई, ज्यांच्या हातावर आमच्या वसाहतीतली निम्मी बाळं पहिल्यांदा न्हाली, त्या मागच्या खोलीत प्रतीक्षाला पोटाशी धरून हुंदके देत होत्या. प्रतीक्षाच्या हातात फोन होता. फोनमधून ऋत्विक म्हणत होता, "नमस्कार काकू. काय झालं?"

अन्नपूर्णाबाईंनी फोनकडे पाहिलं आणि त्यांचा हुंदका मधल्या मध्ये राहिला. मी नेमका तेव्हाच मडकं घेऊन दारात उभा.

पुढचं सांगत नाही. गीतानं मडकं माझ्या हातातून घेतलं, वसाहतीबाहेर नेऊन ठेवलं, येऊन आंघोळ केली, मोबाइलच्या पडद्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून जावयाची दृष्ट काढली, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त 'वाढू का' एवढंच बोलली. ऋत्विक मात्र खूप हसला. मडकं कशाला हवं होतं, हे त्यानं विचारलं. तुळशीला, म्हणून मी वेळ मारून नेली. प्रतीक्षाही हसली, पण फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गमतीत का होईना, तिनं क्षणभर ते ऐकलं होतं.

शेवटी संक्रांतीच्या वाणाचं उरलेलं एक बोळकं फडताळात सापडलं. ते पाण्यात आडवं ठेवलं. बोळक्याला तोंड असतं, वेगळं भोक लागत नाही, हे मला एवढ्या रामायणानंतर सुचलं. तासाभरात मिशीवाला आत शिरला आणि मिशा तेवढ्या बाहेर काढून बसला. बिऱ्हाड लागलं.

राहिलं पाणी. आमच्याकडे नळ येतो आठवड्यातून एकदा, आणि मी रोज दोन बादल्या माशांना पाऊस पाडत होतो. माठातलं गार पाणी त्यांना, घरच्यांना कोमट. गीता म्हणाली, पाहुणा आला तर त्याला फिशटँकपाशीच बसवा. म्हणून मी जादा पाण्यासाठी रीतसर अर्ज केला. त्या अर्जात जनावरांचा रकाना होता: गाय, म्हैस, शेळी, इतर. मी 'इतर' लिहिलं. संख्या दोन. प्रयोजन विचारलं होतं तिथे सुवाच्य अक्षरात 'प्रजनन' लिहिलं. खिडकीतल्या पोरीनं ते दोनदा वाचलं आणि अत्यंत आदबीनं म्हणाली, "काका, गुरांचा दवाखाना मागच्या गल्लीत आहे. जनावर सोबत न्या." छत्तीस वर्षं मी लोकांना याच आदबीनं दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं होतं. मी अर्ज घडी करून खिशात घातला. अंगणात कूपनलिका असलेल्या अन्नपूर्णाबाईंनीच शेवटी रोज दोन बादल्या द्यायचं कबूल केलं. त्या दिवशीच्या रडण्याची त्यांना थोडी लाज होती, आणि बाळंतपण माशाचं असलं तरी बाळंतपणच होतं.

मासे आल्यापासून सतराव्या दिवशी बॅटरी मारून पाहिलं तर बोळक्याच्या छताला केशरी बुंदीचा घोस लागलेला. मी हातातली बॅटरी बंद केली, परत लावली. घोस होताच. मला वाटतं, मी गुणगुणलोसुद्धा.

पण एक गोष्ट मनाला खटकली. अंड्यांपाशी मिशीवाला बसला होता. बिनमिशीची बाहेर काचेला तोंड लावून गावभर हिंडल्यासारखी हिंडत होती. तो तिला आत येऊ देत नव्हता. आली की शेपटीनं लोटायचा. काकडीला शिवत नव्हता. सारखे पंख हलवत होता, जसा एखादा तापलेला माणूस स्वतःला वारा घालतो. प्रतीक्षाला विचारावं तर तिच्याही नकळत चाललं होतं सगळं, तिचे पाय सुजलेले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. ऋत्विकला एक फोन करायचा, एवढंच होतं. पण मग बरणीची मजा काय राहिली? मी अन्नपूर्णाबाईंना बोलावलं.

त्यांनी पदर खोचला, वाकून बोळक्यात पाहिलं.

"हे काय महादेवभाऊ. बाप्या काऊन बसला आत?"

मी म्हणालो, तेच तर.

"अन्‌ ते बिचारी मायबाई भाईर. तीन दिसाचा उपाशी हाय म्हणता ना? रुसला असन. नाही तं खाऊन टाकन एखांद्या वक्ती सारे अंडे. बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम? काढा त्याले."

अगदी माझंच वाक्य. ते त्यांच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाटलं की मी पुरणाची चाळण आणली. मिशीवाला सहज निघाला नाही. बोळकं तिरकं करून हलवावं लागलं. अंगावरचे काटे उभे करून तो आतल्या भिंतीला रुतून बसला होता. चाळणीत आला तेव्हा त्याच्या एका पंखाची कड फाटली होती. त्याला न्हाणीघरात बादलीत ठेवला, वर ताट झाकलं. मग आम्ही दोघांनी बिनमिशीला हुसकत हुसकत बोळक्यात घातलं. "बस बाई तुह्या घरी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि काचेवरून बोटं उतरवून कानशिलावर कडकडा मोडली.

बिनमिशी दोन मिनिटांत बाहेर आली ती परत गेलीच नाही. बाई बाळंतीण असून फिरते कशी, याची आम्ही दोन दिवस चर्चा केली. तिसऱ्या दिवशी बुंदी पांढरी पडली. चौथ्या दिवशी तिच्यावर कापूस धरला, थेट वातीच्या कापसासारखा.

जहांगीरभाई आले ते कूलरच्या निमित्तानं, मीच हळूच त्यांना माशांकडे वळवलं. त्यांनी बोळकं पाहिलं. बिनमिशीला पाहिलं. इकडेतिकडे शोधलं आणि विचारलं, "अन्‌ याहीचा बाप कुठं हाय?"

मी त्यांना न्हाणीघरात नेलं. त्यांनी ताट उचललं, बराच वेळ बादलीत पाहिलं.

"साहेब, याच्यात माय काहीच करत नाही. अंडे देते अन्‌ चालली जाते. बापच बसते. खात नाही, पित नाही, पंखानं पानी हालवत राह्यते, म्हणून ते जगतात." त्यांनी ताट भिंतीला टेकवून ठेवलं. "तुमी बापालेच भाईर काढलं."

ते रागानं बोलले नाहीत. कूलरची मोटर जळली हे जसं सांगतात तसंच. चहा न घेताच गेले.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलो. बादलीत मिशीवाला तळाशी होता आणि त्याचे पंख हलत होते. तिथं काही नव्हतं. प्लास्टिकचा तळ होता. तरी तो चांगल्या पंखानं आणि फाटक्या पंखानं सारखा वारा घालत होता.

मी खिशातून फोन काढला आणि जावयाला लावला. कोर्टात मी कधी लिहिलेला शेरा खोडला नव्हता.

"या," मी म्हणालो.

"काय झालं बाबा? ती ठीक आहे ना?"

"ठीक आहे. तुम्ही या. आत थांबायचं म्हणाला होतात ना. थांबा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "येतो."

त्या दिवशी रात्रीच प्रतीक्षाला कळा सुरू झाल्या, सांगितल्या तारखेच्या अठरा दिवस आधी. ऋत्विक तेव्हा नगरलाही पोचला नव्हता. दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे वडील आत थांबणार होते ना? त्यांनी मला दोनदा फोन केला होता. कुठे आहेत?" मी थर्मास या हातातून त्या हातात घेतला. म्हणालो, निघालेत. 'इथंच आहेत' म्हणता आलं असतं, ती व्यवस्था तीन आठवड्यांपूर्वी मीच मोडली होती.

बाकावर बसून मी आईच्या ओव्या आठवत राहिलो. बाळंतिणीच्या ओव्या तिच्याकडे पुष्कळ. त्यात सुईण आहे, मामा आहे, आत्या आहे, दारची गाय आहे, वेखंड आहे, बाळंतशेपा आहे. बाप शोधला. तो प्रत्येक ओवीत शेतात होता. कोणी पाठवला होता त्याला, हे मात्र आईनं कुठे गायलेलं नाही.

नातू पहाटे झाला. ऋत्विक पाऊण तास उशिरा पोचला. शर्ट चुरगळलेला, एका हातात अजून गाडीची किल्ली. माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याला मधेच धरला, कारण मला ते सोसलं नसतं. तो आत गेला. दार पुरतं लागलं नव्हतं. त्यानं प्रतीक्षाच्या कपाळावर हात ठेवला आणि ती, जी रात्रभर एकदाही रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

दोन दिवसांनी माझ्या हातचा शिरा खाताना तीच म्हणाली, "बाबा, तो असता तर मी कमी घाबरले असते." तक्रार म्हणून नाही. शिऱ्यात साखर कमी आहे म्हणावं तसं.

ऋत्विकला मी सगळं सांगितलं. बोळकं दाखवलं, चाळण दाखवली. कबुलीजबाब पूर्ण असावा. त्यानं मिशीवाल्याचा फाटका पंख पाहिला आणि "भरून येतो तो," एवढंच म्हणाला. मग त्यानं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि काकडी चिरायला गेला. नातवानं माझ्या मिशा बघितल्या. मी भोकाडाची वाट पाहत राहिलो. त्यानं जांभई दिली.

बारशाच्या दिवशी बायकांचा घोळका पाळण्याभोवती उभा राहिला. ऋत्विक रीतीप्रमाणे दाराशी उभा होता. अन्नपूर्णाबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली, एक कडवं म्हटलं, आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. "जावईबुवा, तिकडं काऊन उभे? इकडं या," म्हणाल्या आणि दोरी त्याच्या हातात दिली. गीतानं डोळ्याला पदर लावला. बरणीत पिल्लं नव्हतीच. तिच्यात कोणीतरी बत्तासे भरून ठेवले होते.

सव्वा महिन्यानं ती तिघं पुण्याला निघाली. मी बादली धुऊन, झाकण पुसून तयार ठेवली होती. ऋत्विक म्हणाला, "राहू द्या बाबा. इथंच असू द्या दोघांना. इथं त्यांना जमलं होतं."

'जमलं होतं.' मराठीतला तो 'होतं' फार वाईट शब्द आहे. मिशीवाला अंड्यांवर बसायचा तसा मी त्याच्यावर अजून बसलेला आहे.

निघताना सगळे "येतो" म्हणाले. मीही गाडी वळेपर्यंत "या, या" म्हणत राहिलो.

आता दुपारी घर निजलं की मी खुर्ची घेऊन फिशटँकपुढे बसतो. मिशीवाल्याचा पंख भरून आला आहे, कडेला एक पांढरी रेघ राहिली आहे. तो बोळक्यातच असतो. गीता म्हणते काढा ते, रिकामं आहे. मी काढत नाही. काकडी टाकतो; त्याला वाटलं तर येतो, नाही तर नाही.

काल अन्नपूर्णाबाई खिडकीतून डोकावल्या. दोन बादल्या अजून रोज देतात त्या, न मागता.

"महादेवभाऊ," त्या म्हणाल्या, "काय करून राह्यले?"

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "काहीच नाही करून राह्यलो."

त्यांनी बाळंतिणीच्या खोलीची लावावी तशी खिडकी बाहेरून आवाज न करता ओढून घेतली.